टॉपलिंकचे दोन दांडे

आमची पिकअप जुनी, दुसऱ्याच्या हातची, आणि चढाला लागली की उड्या मारायची. खोटं सांगत नाही. गावातून आमच्या वस्तीवर यायला मुरमाचा खडा चढ आहे. रिकामी असली की गाडी गपगुमान वर यायची. मागं पेंडीची पोती टाकली की पहिल्या गिअरमध्ये तिचं मागचं अंग असं टणाटणा उडायचं की पोरं हसून हसून लोळायची. मला हसू यायचं नाही, कारण आमचं सगळं त्या चढावर अडकलं होतं.

वर माळावर वस्त्या पुष्कळ. त्यांना पेंड, खत, सिमेंट वर न्यायचं आणि त्यांचं दूध, सीताफळं पाटोद्याच्या बाजारात पोचवायची, एवढं काम जमलं तर आम्हाला ऊस तोडायला जायची गरज नव्हती. नाही जमलं तर पोरांना सासूबाईंपाशी सोडून निघायचं, ते उन्हाळ्यातच परतायचं. मागच्या खेपेला मी परत आले तेव्हा धाकटी पोरगी सासूबाईंच्या लुगड्याआड उभी राहून माझ्याकडं बघत होती. "आगं, आई हाय तुजी," त्या म्हणल्या, तरी येईना. त्या दिवशी मी मनाशी म्हणलं, बास झालं आता.

यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, गाडीखाली पडून दुखणं शोधून काढलं. मागच्या दोन चाकांमधलं लोखंडी हाउसिंग पाट्यांना, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांना, बांधलेलं असतं. ओझं घेऊन चढ ओढायची वेळ आली की ते हाउसिंग गरकन फिरायला बघतं, त्याच्यासंगं पाटे पिळवटतात, आणि पीळ सुटला की चाक उडतं. "त्याला पुढनं घट धरून ठेवायला कायतरी पायजे," हे म्हणले.

"मग आना की बाजारातनं."

"आपल्या गाडीला कोन करून ठिवलंय? आपनच करायचं."

पाटोद्याच्या भंगारवाल्याकडून हे ट्रॅक्टरच्या दोन टॉपलिंक घेऊन आले. नांगराला ट्रॅक्टरच्या मागं वरच्या अंगानं धरून ठेवतो तो दांडा म्हणजे टॉपलिंक. त्याची मधली नळी फिरवली की दांडा लांब होतो, उलटी फिरवली की आखूड. वेल्डिंगवाल्याकडून हाउसिंगला आणि पुढं चेसीला पिन घालायच्या भोकांचे लोखंडी कान मारून घेतले, म्हणजे एका टोकाला हाउसिंग, दुसऱ्या टोकाला चेसी आणि मधे दांडा. दोन्ही बाजूंना एकेक. बोलायला सोपं आहे. यांच्या दाढीत गंज, कानात माती, आणि मी बाहेर बसून पाना दे, हातोडा दे. "तो न्हाई, त्याच्याहून मोठा." "तुमीच घ्या मग, माजे हात शेणाचे हायेत."

जॅक लावून गाडी मागून उचलली होती, चाकं लोंबत होती. त्या लोंबत्या चाकांवरच यांनी दांडे बसवले, पिना हातोड्यानं ठोकून घातल्या, आणि लई खुशीत गाडी खाली उतरवली. गावात जाऊन पोती भरली. चढाच्या तोंडालाच खाडकन आवाज झाला. खाली वाकून बघितलं तर एक कान मुळासकट उपटून आलेला.

पोती उतरवून गाडी रिकामीच वर घरी आणली, आणि हे बांधावर जाऊन बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सासूबाई दारातूनच म्हणल्या, "खामखा नाद केला. ऊसतोडीच्या मुकादमाला निरोप धाडा." पोरगी अंगणात खेळत होती, तिच्याकडं बघवेना.

तो कान हातात घेऊन मी बसून राहिले. ऊसतोडीत मी किती ट्रक भरताना बघितलेत. मोळ्या वर चढतात, ट्रक खाली बसतो, आणि मग कुठं माणसं वर चढून दोर आवळतात. कुणी रिकाम्या ट्रकवर दोर आवळून वर ऊस भरत नाही. तसं केलं तर एक दोर तरी तुटणार, नाहीतर दोर सैल पडून ऊस रस्त्यावर.

मी बांधावर गेले. "आहो, ओझं पडायच्या आदी आवळलं तुमी."

"काय?"

"गाडी लोंबत हुती तवा दांडे ठोकले. पोती पडल्यावर पाटे बसले, हाउसिंग जागेवरनं सरकलं. दांड्याला जायला जागा कुठं ठिवली तुमी?"

यांनी माझ्या हातातला कान घेऊन उलटासुलटा करून बघितला. मग म्हणले, "मग कावून आदी न्हाई सांगितलंस गं?"

"इचारलं का मला? पाना दे म्हनलाव, पाना दिला."

परत वेल्डिंग झालं. या वेळेला सपाट जागेवर गाडी उभी करून आधी पोती भरली, पाटे पुरते बसू दिले, आणि मग हे खाली सरकले. नळी थोडी इकडं, थोडी तिकडं फिरवत राहिले. "पिन हातानं गेली पायजे, हातोड्यानं न्हाई," हे आता मलाच शिकवायला लागले. गेली हातानं. मग चढाला लागलो. हे स्टिअरिंगवर, आणि मी मागून चालत, हातात भलामोठा दगड, गाडी मागं आली तर चाकाला लावायला. गाडी हलली, गुरगुरली, पण उडाली नाही. वर गेल्यावर यांनी असा हॉर्न वाजवला की माळावरची सगळी कुत्री भुंकायला लागली. मी दगड टाकला आणि तिथंच रस्त्यावर बसून रडले. आनंदानं, दुसरं काय.

त्या वर्षी आम्ही घरी राहिलो. थंडीत पोरीची वेणी मी घातली. तेवढं एकच वर्ष.

पुढच्या वर्षी पावसानं दडी मारली. वस्त्यांवरची जनावरं विकली, दूध आटलं, सीताफळं वाळली. गाडी दारात उभी. तेवढ्यात मुकादम आला आणि त्यानं मला नाही विचारलं, यांना नाही विचारलं, गाडीला विचारलं. उसाच्या रानातून टोळीला न्यायला-आणायला, किराणा पोचवायला त्याला अशी पिकअप पाहिजे होती, जी ओझ्याखाली उड्या मारत नाही. गाडीसंगं ड्रायव्हर हवा. बाईचं काम नाही. हे गाडी घेऊन एकटेच गेले.

आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम मोजतो तो असाच. एकटं माणूस असलं तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. इतकी वर्षं आम्ही एक कोयता होतो, आणि मी त्या उसाला रोज शिव्या दिल्या. पाचटानं हात चिरायचे, मान मोडायची, पोरांच्या आठवणीनं घास उतरायचा नाही. पण पुढच्या सरीत यांची पाठ दिसायची. मधेच थांबून कोवळं कांडं मोडून माझ्याकडं टाकायचे. मीठ जास्त पडलं म्हणून भांडायचो, अबोला धरायचो, आणि त्याच कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, एका पांघरुणात निजायचो.

आता घर आहे, पोरं जवळ आहेत, जे मागितलं ते मिळालं. "सुटलीस बाई तू," असं बाया म्हणतात तेव्हा मला राग येतो. कशातून सुटले? यंदाही दिवाळी झाली आणि हे गेले. मला माझ्या माणसाची आठवण येते, लई येते, आणि ती कुणाला सांगायची सोय नाही. पोरं मोठी व्हायला लागलीत, हसतील.

परवा दुपारी यांचा फोन आला. रानात टोळीची वाट बघत थांबले होते.

"जेवलाव का?"

"जेवलो. हाटेलातलं." मग म्हणले, "हितं एक जोडपं हाय, सकाळपासनं भांडतंय. पानी कुनी सांडलं म्हनून."

"मग तुमाला काय तरास?"

"तरास न्हाई. ऐकत बसलोय." मग हळूच म्हणले, "आगं, तू बी भांड की जरा."

भांडायला माझ्यापाशी ढीगभर होतं. पत्रा गळतोय, फोन वेळेवर येत नाही, दवाखान्यात जा म्हणलं तर जात नाहीत. एक म्हणून आठवेना.

"कवा येताव?" एवढंच तोंडातून निघालं, तेही रडक्या आवाजात.

"ह्याला भांडान म्हनतेत व्हय?" हे म्हणले, पण त्यांचाही आवाज नीट नव्हता.