बरणीतला गाळ

लंकाबाई माझी शेजारीण, आमच्या खर्डा गावातली. ऊसतोडीत उभं आयुष्य गेलं, पण नदी ओलांडायची म्हटली की अजून पदर तोंडात धरते. नवरा, कानिफनाथ, कोरड्या नदीतून बैल आणायला उतरला होता. इथं आभाळ मोकळं, पाऊस वरच्या गावांत झालेला. लोंढा एकदमच आला. दुसऱ्या दिवशी तो वाळूखाली सापडला. वाळूवर मऊ गाळ, सारवल्यासारखा. लंकाबाईनं तो गाळ हातांनी उकरला होता.

तिची रोहिणी आता दगडामातीचं शास्त्र शिकते. अभ्यासासाठी समुद्रतळाचा गाळ काढणाऱ्या जहाजावर तिला त्या दिवशी जायचं होतं. एसटी दुपारची, आणि लंकाबाई तिची बॅग मांडीवर दाबून बसलेली.

"बाई, तुम्ही तरी सांगा आईला," रोहिणी म्हणाली. मीच शाळेत शिकवलेली पोर. पण जहाजाची भीती मलाही होती.

रोहिणीनं लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली, पाण्यात वाळू-माती टाकून हलवली. "आई, किनाऱ्यापासून लांब तळाशी सगळं शांत असतं. चिखल कणाकणानं बसतो, वर्षानुवर्षं. मग कधीतरी उतारावरची वाळू सुटते, तळातून लोंढ्यासारखी धावते. आधी जाड वाळू बसते, वर बारीक गाळ. त्याचेच पुढं दगड होतात."

"वर जहाजाला कळतं का?" मी विचारलं.

"काहीच नाही. म्हणून तर भीती नाही."

बरणीत वाळू बसली होती. वर गाळ उतरत होता. लंकाबाईचे ओठ पांढरे पडले.

"आसंच हुतं. तुझ्या बापाच्या अंगावर. आसंच." तिनं बरणी ढकलली; मी धरली म्हणून वाचली.

बाप असा वाळूगाळाखाली सापडला, हे रोहिणीला कुणी सांगितलंच नव्हतं. मग तिनं खांद्यावरच्या पिशवीतून कच्छच्या अभ्याससहलीत मिळालेला दगड काढला. वाळूचा थर, गाळाचा थर, परत वाळूचा. लंकाबाईचं बोट गाळाच्या थरातल्या एका वाकड्या रेघेवर थांबलं.

"ही कशाची?"

"किड्याच्या बिळाची. वाळूनं सगळं गाडलं, पण गाळ निवांत बसायला लागल्यावर किडे परत राहायला आले."

"परत आले?"

"आले, आई."

लंकाबाईनं बॅग सोडली, दगड घेतला. "ह्यो हितंच ऱ्हाईल. आलीस की ने."

रोहिणी आता जहाजावर आहे; तिथून फोन लागत नाही. लंकाबाई ओट्यावर बसलीय, दगड मांडीवर. मी देवापुढं दिवा लावलाय; वात पुन्हा पुन्हा सरळ करते.