मधमाशीची मनधरणी

आमच्या गच्चीवरच्या कोहळ्याला, म्हणजे लाल भोपळ्याला, फळ धरत नव्हतं, आणि त्यापायी मी एका परक्या बाईंचा मार खाता खाता वाचलो.

वेल तशी जोरात होती. पाण्याच्या टाकीवर चढली होती. रोज सकाळी पिवळीधमक फुलं यायची आणि गळून पडायची. मी खत घातलं, माती बदलून पाहिली, वेलीपुढे उभं राहून तिची कानउघाडणीही केली. शेवटी माझ्या बायकोनं, शोभानं, निदान केलं. तिचं माहेर सावनेरकडचं, शेतीवाडीचं.

"गच्चीवर मधमाशी फिरकत नाही, तर फळ का तुमच्या भाषणानं धरणार हाय?"

उपायही तिनंच काढला. सकाळी शहरातल्या बागा हिंडायच्या, मधमाश्या कोणत्या फुलांवर बसतात ते पाहायचं आणि तीच रोपं आणायची. पाहणी तिच्याकडे, मोबाइलवर चित्रीकरण माझ्याकडे.

पहिल्या बागेत गुलाब टपोरे होते, मधमाशी नव्हती. बोगनवेलीचा मांडव नुसता लालेलाल, तिथंही कोणी नाही. (मांडव सजला आणि वऱ्हाडच आलं नाही!) दुसऱ्या बागेत झिनियाच्या ताटव्यात शेवटी एक सापडली. शोभा तुळशीकडे गेली होती. मी गुडघे टेकून मोबाइल पुढे धरला, तर मधमाशी कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली. मी तिची समजूत काढू लागलो. सारी नोकरी कचेरीच्या खिडकीमागे गेल्यामुळे माझा आवाज हळू निघतच नाही.

"ये वं बाई, इकडे ये. लाजू नको. थोडी वळ ना माझ्याकडे. किती छान दिसून राहिली तू."

ताटव्यापलीकडे बायकांचा प्राणायाम चालू होता. हे मला कळलं ते पिवळ्या ड्रेसमधल्या एक बाई उठून उभ्या राहिल्या तेव्हा. मागोमाग बाकीच्याही उठल्या.

"कोणाले बोलावून राहिले जी तुम्ही?"

"मधमाशीले," मी खरं ते सांगितलं.

"मले मधमाशी म्हणता?"

खरी मधमाशी साक्ष द्यायला थांबली नव्हती. बाईंनी मोबाइल मागितला. आता निर्दोष सुटणार, म्हणून मी तो आनंदानं दिला. व्हिडिओ सुरू झाला. फुलाच्या कडेला मधमाशी ठिपक्याएवढी, तिच्यामागे चौकटभर पिवळा ड्रेस आणि मिटलेले डोळे, आणि वरून माझा आवाज, किती छान दिसून राहिली तू.

वॉचमनला हाक मारायचं ठरत होतं, तेवढ्यात शोभा आली. तिनं व्हिडिओ मोठा करून सगळ्यांना तो ठिपका दाखवला, घरच्या कोहळ्याची कथा सांगितली. पिवळ्या ड्रेसवाल्या बाई शांत झाल्या. प्रकरण मिटलं असं समजून मी उठू लागलो (अजून गुडघ्यांवरच होतो), तर शोभानं व्हिडिओ पुन्हा लावला आणि कान देऊन ऐकला.

"एवढी वर्षं झाली लग्नाले," ती बायकांना म्हणाली, "मले असं एकदाही बोलले नाहीत."

सगळ्या बायका पुन्हा माझ्याकडे वळल्या. मघाची नजर बरी होती.

मग त्यांनी शोभाला मध्ये घेतलं आणि बागभर फिरवलं. तुळशीच्या मंजिऱ्या, सब्जा, कॉसमॉस, साध्या एकेरी पाकळ्यांचा झिनिया, जिथं जिथं मधमाश्या बसतात ते सगळं त्यांनी दाखवलं. मी मागून पिशवी घेऊन चाललो. मला रोपांची नावं विचारायची होती, पण कोणी विचारू दिली नाहीत.

ती सगळी रोपं आता गच्चीवर फुलली आहेत. मधमाश्या झुंडीनं येतात आणि कोहळी इतकी लागली आहेत की आमच्याकडे भाजी कोहळ्याची, पुऱ्या कोहळ्याच्या, सांबारातही कोहळंच. मला कोहळं वेलीवर हवं होतं, ताटात आवडत नाही, हे सांगायची वेळ कधीच निघून गेली. म्हणून मी रोज सकाळी, शोभा आंघोळीला गेली की, गच्चीवर जाऊन टॉवेलनं मधमाश्या हाकलतो. समोरच्या गच्चीवरचे शेजारी परवा म्हणाले, "काका, या वयातही व्यायाम सोडला नाही तुम्ही."

मी नम्रपणे मान डोलावली आणि दोन हात जास्तीचे मारले.