चौथरा नसलेली बाई

"याना पाय देख रे भाऊ. कधी चालेल शे का हाऊ?"

धुळ्यातल्या कुठल्याही पुतळ्यासमोर थांबली की अक्का तिच्या अहिराणीत हेच विचारायची, हा कधी चाललाय तरी का. तलवार, घोडा, आभाळाकडे उगारलेलं बोट यांकडे तिचं लक्षच नसे. नजर थेट पायांवर. असे पुतळे तुमच्याही गावात असतील. त्यांचे पाय पाहिलेत कधी?

अक्का देवपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. मी पत्रकं लिहायचो. पुतळे उंच होत जातात तशी माणसं बुटकी होतात, हे मी इतक्यांदा लिहिलं होतं की सायक्लोस्टाइलच्या शाईने माझी नखं कायम काळी असत. अक्काने या विषयावर एक ओळ लिहिलेली नव्हती. तरी नव्या चौकातल्या पुतळ्याचं काम पुतळा समितीने तिला दिलं आणि मी जळलो.

समितीला वीरांगना हवी होती. अक्काने जिनातली, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातली, मजूर बाई केली. सिमेंटची, जमिनीवरच बसलेली, चप्पल काढून तळवा चोळणारी.

उद्घाटनाला हार घालायचा तर अध्यक्षांना उकिडवं बसावं लागलं. लोक हसले. त्या हसण्यानेच पुढचं ठरलं. बाईचा मान राहावा म्हणून तिला पुरुषभर उंच चौथऱ्यावर चढवायचं. अक्काला घाबरलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"ती वर गयी तं मरी जाई," ती म्हणाली.

मी माझं सर्वांत जळजळीत पत्रक काढलं, चौकात वाटलं. दुपारी गवंडी विटा घेऊन आला, तर जिनातल्या बायका रोजच्यासारख्या पुतळ्याला टेकून भाकरी खात बसलेल्या. मधोमध अक्का, तिचाही डबा उघडा. गवंड्याने त्यांना सरकायला सांगितलं. एक म्हातारी सिमेंटच्या बाईकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाली, "ती उठनी की आम्हीबी उठसूत."

तो रोज यायचा, त्या रोज बसलेल्या असायच्या. शेवटी त्या विटा अध्यक्षांच्या घराच्या कंपाउंडला लागल्या.

"तुनं पत्रक चांगलं व्हतं," अक्का मला म्हणाली. "कांदा ठेवाले कामे पडनं."

अक्का आता नाही. त्या चौकातून जाताना मी दुसरीकडे बघायचं ठरवतो, जमत नाही. दमलेल्या बायका उठताना त्या सिमेंटच्या बाईच्या खांद्यावर हात टेकतात. तिथलं सिमेंट गुळगुळीत झालंय. माझ्या एखाद्या वाक्यावर भार देऊन कुणी उठलेलं मी अजून पाहिलेलं नाही.