पहिल्या बेचक्यातली भोपळी मिरची

मोहन्याहून निघालो तेव्हा बैलगाडी दादूस हाकत होता. दादूस म्हणजे माझा थोरला भाऊ. गाडीत माझी वळकटी, एक खुरपं आणि आयने लुगड्याच्या चिंधीत बांधलेली भोपळी मिरचीच्या बियांची पुरचुंडी होती. बी दादूसने निवडलेलं. कल्याण स्टेशनावर त्याने ती पुरचुंडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "जा. तीन महिन्यांन परत येशील."

त्याला आता दहा वर्षं होत आली. गाववाल्यांनो, तुमच्यातले जे मोहन्याला राहिले त्यांना मी का गेलो ते ठाऊक आहे. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्यासाठी सांगतो.

मी तापट आहे, ते लपवत नाही. कल्याणच्या बाजारात एका दलालाने आमच्या टोपलीतली वरची टपोरी फळं दुसऱ्याच्या मालात घातलेली. मी त्याची गचांडी धरली. खरं माझंच होतं. दुसऱ्या दिवशी दादूस बाजारात गेला आणि चारचौघांत त्याने त्या दलालापुढे हात जोडले, माझ्या वतीने. "पोरगा हाय, सांभालून घ्या," म्हणाला. मला तेवीस वर्षं पुरी झालेली. आमच्या वाडीचा सगळा भाव मी ठरवून आणायचो, आणि मी पोरगा. मार बसला असता तर विसरलो असतो. ते हात जोडणं अजून विसरलेलो नाही.

पाचगणीला आलो कारण तिथे शाळा होत्या, बंगले होते, आणि भोपळी मिरची खाणारी माणसं होती. पिकवणारं कोणी नव्हतं. इथे तिला ढोबळी म्हणतात. एका विधवा बाईंची उताराची जमीन खंडाने घेतली. पाऊस सरल्यावर, दसऱ्याला रोपं लावली. झाडं अशी माजली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. डिसेंबर लागता लागता एकेक फळ धरलं. आयचं एक वाक्य लहानपणापासून कानात बसलेलं: "पयला फल देवीचा, मंग आपला." मोहन्याला पहिलं फळ गावदेवीला जायचं, इथे मी इथल्या देवीला नेऊन ठेवलं. मग थंडी पडली. सकाळी पानांवर हात ठेवला तर बोटं बधिर व्हायची. फुलं गळून सऱ्या पांढऱ्या झाल्या. मोठं चौकोनी फळ तयार व्हायला जो वेळ घेतं तो इथली हवा देतच नाही.

तेव्हा मला एवढं कुठे कळत होतं. मला एकच कळलं, की दादूसने सूड घेतला. मी कार्ड लिहिलं: तू मुद्दाम निकस बी दिलंस, मी परत यावं म्हणून. दादूसला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. कार्ड शाळेचे मास्तर वाचून दाखवतात, आमच्या ओट्यावर, आणि अर्धी आळी ऐकायला बसते, हेही माहीत होतं. म्हणूनच लिहिलं. उत्तर आलं नाही.

पुढचे दोन हंगाम घरचं बी राखून लावत राहिलो, आणि शेजारी बाहेरचं बी आणून बघितलं. एका पारशी बंगल्यातून विलायती पाकिटातलं आणलं. ते रोप असतानाच सुकून गेलं. पुण्याहून आणलेलं धरलं, पण फळ मुठीएवढं व्हायच्या आत थंडी आली. पोटाला मी शाळेच्या भटारखान्यात भाज्या पोचवायचं काम धरलं. परत जायची ताकद नव्हती आणि राहायचीही नव्हती. फक्त ते "तीन महिन्यांन" आठवलं की पुन्हा कुदळ उचलायचो.

त्या शाळेच्या बागेत धोंडिबा नावाचे म्हातारे माळी होते. एकदा माझ्या वाफ्यात उकिडवे बसले आणि झाड चाळून म्हणाले, "हितं खोडाला पहिलं बेचकं फुटतं, तिथलं फळ कुठं हाय?"

मी सांगितलं, देवीला वाहिलं. दरसाल वाहतो. घरी पण वाहायचो.

"मंग बी कशाचं धरता?"

"मागून येतात त्यातल्या सगळ्यात मोठ्या फळाचं."

त्यांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. "शेठ, जे झाड थंडीच्या आदी फळ देतंय, त्याचंच फळ तुमी देवळात ठिवताय. आन् उशिराच्याचं बी राखताय. देवीनं बिया मागितल्यात का?"

आमच्या आज्यापणज्यापासून पहिलं फळ देवीला जात आलं. मोहन्याच्या उबेत उशिरा धरलेलं फळही पोसतं, म्हणून कोणाचं काही बिघडलं नाही. दादूसने दिलं ते घरातलं सगळ्यात चांगलं बी होतं. फक्त ते तिथल्या हवेसाठी चांगलं होतं, एवढंच.

त्या वर्षापासून मी पहिलं फळ चिरतो, बिया काढून घेतो आणि रिकामं फळ जोडून देवीपुढे ठेवतो. देवीशीही घासाघीस केली म्हणा. दरवेळी मान खाली जाते. चार हंगामांत बी जमलं. मिरची निमुळती, पातळ सालीची, थोडी वाकडी, पण थंडीच्या आत उतरणारी. भटारखान्यातला आचारी पहिल्यांदा म्हणाला, "ही ढोबळी आहे की गाजर?" मी म्हटलं, डिसेंबरात दुसरी मिळाली तर माझी फेकून दे. त्याने फेकली नाही.

गेल्या वर्षी आयला बघायला मोहन्याला आलेलो. नदीपलीकडे नवीन चाळी उठल्यात. दादूसचे केस पांढरे झालेत. कार्डाचं तो काही बोलला नाही. आय मात्र भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझा कारड वाचला त्या दिशी तो जेवला नाय." निघताना माझं बी दादूसच्या हातात ठेवलं. याहून जास्त मला जमलं नाही.

परवा पुतणीच्या अक्षरात त्याचं पत्र आलं. माझं बी त्याने लावलं होतं, पण फळं बोटाएवढी राहिली, उन्हाने करपली. खाली एक ओळ: "बाबा म्हणतात, काकांचं बी खोटं नाही. इथली हवा त्याला मानवत नाही."

हे वाक्य दहा वर्षांपूर्वी मी लिहायचं होतं.

यंदाचं पहिलं फळ मी चिरलेलं नाही. सगळ्यात आधी आलेलं, बियांसकट, पानात गुंडाळून ठेवलंय. उद्या ओळखीचा माणूस कल्याणला निघालाय, त्याच्याबरोबर पाठवतो. दादूस, ते तुझ्या हाताने आपल्या गावदेवीपुढे ठेव. सोबत कार्ड आहे. त्यात एवढंच लिहिलंय की माझं पहिलं कार्ड खोटं होतं आणि मी हात जोडतो. मास्तरांना बोलाव, आळी जमू दे, आणि ओट्यावर मोठ्याने वाचून घे.