मायची पाठ

वसमतकर मंडळी, पाँडिचेरीच्या सायबर कॅफेतून लिहून राहिलो.

आमा तिघांची तिकिटं दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी काढलेली. मागच्या महिन्यात ते वारले. तिकिटं रद्द करायचं कुणाला सुचलं न्हाई, म्हणून मी अन् माय आलो.

आज सकाळी हॉटेलातून नकाशा घेतला अन् समुद्राकाठच्या जुन्या फ्रेंच वस्तीत पायीच हिंडलो. गाईड केला न्हाई. पिवळे बंगले, चर्च, सगळं बघितलं. काहीच वाटलं न्हाई.

मी थांबलो की माय बी मागं थांबायची. बराबर चल म्हणलं तरी ऐकंना. दादांसोबत ती अशीच मागं चालायची.

शेवटी नकाशा तिच्या हातात दिला. "माय, आता तू हो पुढं."

"मला काय माहीत कुठं जायचं? जल्मभर तुझ्या बापाच्या मागं चालले."

"मला बी न्हाई माहीत."

तिनं नकाशाची घडी घातली. मग समुद्राकडं चालू लागली.

तवा ध्यानात आलं, चालताना मायची पाठ मी कधी बघितलीच नव्हती. डावा खांदा खाली झुकलाय. प्रवासात पिशवी कायम तिच्याकडंच असायची.

तुमी बघितली का कधी तुमच्या मायची पाठ?