हेलनबाईंच्या गादीला मी ऊन दाखवलं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी सांगायला बसलो की मधे कुणी दात काढलेले मला चालत नाहीत. चहा घ्या आणि गप्प ऐका. असला घोळ मी आयुष्यात एकदाच घातला.

कराडला माझा मांडवाचा धंदा होता. शाळा चौथीपर्यंत. पण अर्ध्या तालुक्याची लग्नं माझ्या मांडवात लागली. गादीवर नुसता हात फिरवून मी सांगतो, तिला शेवटचं ऊन कधी मिळालं. आणि लग्नाच्या गर्दीत लोक काय काय पळवतात! चपला पळवतात, तांबे पळवतात. माझी खुर्ची मात्र कधी कुणी नेली नाही. कुणाची हिंमत होती?

तर करोना आला. आम्ही दोघं नवरा-बायको मुलाकडे, महेशकडे, मेलबर्नजवळ वेरिबीला सहा महिन्यांसाठी आलो होतो. विमानं बंद झाली. सहा महिन्यांची दोन वर्षं झाली. शेवटी इथल्या राज्यांच्या सीमा उघडल्या तेव्हा सून म्हणाली, "बाबा, चला, जरा मोकळी हवा खाऊ."

प्राजक्ता, माझी सून, हॉस्पिटलात नर्स आहे. तिच्या वरच्या बाई हेलन. या हेलनबाईंचं एक घर क्वीन्सलंडच्या पार वरच्या अंगाला, पॅसिफिक समुद्रातल्या लहानशा बेटावर. "रिकामंच आहे, जाऊन राहा," म्हणाल्या.

रिकामं का होतं, ते गेल्यावर कळलं! ऑस्ट्रेलियात जानेवारीत उन्हाळा. पण या बेटावर जानेवारीत पाऊस. आणि पाऊस म्हणजे काय, वरून कुणी हंडे पालथे घालत होतं. मिठाचं पाणी झालं. टॉवेल वाळेना. माझ्या कमरेच्या पट्ट्याला बुरशी आली. समुद्रात उतरावं, तर जेलीफिश चावतात म्हणून किनाऱ्यावर पाटी. मग करायचं काय? ओट्यावर बसायचं, आंबे खायचे, पाऊस बघायचा.

खरं सांगू? मी खुशीत होतो. पण तसं तोंडावर दाखवायची मला सवय नाही.

पहिल्याच दिवशी महेशने मला दम दिला. मुलगा बापाला दम देतो, काय काळ आलाय बघा.

"बाबा, घर दुसऱ्याचं आहे. कशाला हात लावू नका."

"मी काय लहान आहे?"

"आणि ती वेताची खुर्ची हेलनच्या आईची आठवण आहे. तिच्यावर बसू पण नका."

"बाबा, प्लीज," सून म्हणाली. "हेलन माझी बॉस आहे. तिने विश्वासाने घर दिलंय."

"बरं," म्हटलं.

चौथ्या का पाचव्या दिवशी दुपारी अचानक लख्ख ऊन पडलं. महेश, प्राजक्ता आणि नात सई सामान आणायला धक्क्यावरच्या दुकानात गेले होते. आमची मंडळी आत घोरत होती. मी पलंगावरच्या गादीचा वास घेतला. अरे देवा! अशी कुबट गादी मी भाड्याने दिली असती, तर नवरदेव बोहल्यावरून पळाला असता.

आता बाहेर ऊन आणि घरात अशी गादी. माणसाने काय करावं? बरं, अंगणात आंब्याची झाडं, खाली सगळा चिखल. ऊन पडलं होतं फाटकाबाहेर, रस्त्याकडेच्या हिरवळीच्या पट्ट्यावर. मी गादी काढली. उशा काढल्या. सतरंजी काढली. हेलनबाईंच्या आईच्या खुर्चीलाही पांढरी बुरशी होती, म्हणून तीही काढली. महेश बसू नका म्हणाला होता. ऊन दाखवू नका असं म्हणाला नव्हता.

सगळं ओळीने मांडलं. लांब उभं राहून पाहिलं. झकास! आत जाऊन चहा टाकला.

बाहेर आलो तर सतरंजी नाही. म्हटलं, हिने उचलली असेल. उशाही नव्हत्या. म्हटलं, बरं झालं, बायको कामाला लागली.

तेवढ्यात एक म्हातारी गोरी बाई आली. तोंडाला मास्क. लांबूनच काहीतरी बोलली. मास्कमधून काय कळणार? आणि मास्क नसता तरी मला काय कळणार? तिने खुर्चीकडे बोट दाखवलं आणि अंगठा वर केला. म्हटलं, दमली बिचारी, बसायचं म्हणतेय. मीही अंगठा वर केला. "बसा, बसा!"

तिने खुर्ची उचलली आणि चालायला लागली. मला वाटलं, करोना आहे, थोडी लांब बसेल. ती आणखी लांब गेली. म्हटलं, फार काटेकोर बाई दिसते. मग ती वळणावरून दिसेनाशी झाली.

मी विचारात पडलो. पण विचार पुरा व्हायच्या आत आभाळ काळं झालं आणि एक यूट येऊन थांबली. यूट म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी. चड्डीतला एक धिप्पाड माणूस उतरला. त्याने गादीकडे बोट दाखवलं, ढगांकडे दाखवलं, गाडीकडे दाखवलं आणि अंगठा वर केला.

मला कसं भरून आलं! परमुलुखात, ओळख ना देख, माझी गादी भिजू नये म्हणून हा माणूस थांबला. अंगणात चिखल, म्हणून गादी गाडीवर घालून ओट्याला लावणार. डोकं आहे म्हटलं. मी जोरात अंगठा दाखवला. गादीचं एक टोक त्याने धरलं, एक मी. वर चढवली. तो दोरी बांधायला लागला, पण त्याची गाठ बघवेना. मी दोरी हातातून घेतली आणि मांडवाची गाठ मारली. वादळ आलं तरी सुटत नाही अशी.

"थँक्स, मेट!" म्हणाला, माझ्या खांद्यावर थाप मारली, आणि गाडी सुसाट पुढे.

फाटक मागे होतं. गाडी पुढे गेली. माझा अंगठा अजून वरच होता.

पाच मिनिटांत मुलं आली. मागून पाऊसही आला.

"बाबा, गादी कुठे आहे?"

"ऊन दाखवायला बाहेर ठेवली होती."

"बाहेर कुठे?"

मी हिरवळीचा पट्टा दाखवला. महेशने कपाळावर हात मारला. "बाबा! नेचर स्ट्रिपवर ठेवलेलं सगळं फ्री असतं! ज्याला हवं तो उचलून नेतो!"

"न विचारता?"

"विचारलं की त्यांनी! तुम्ही काय म्हणालात?"

मी अंगठा मुठीत लपवला. वेरिबीला लोक सोफे रस्त्याकडेला ठेवतात, ते मी दोन वर्षं बघत होतो. मला वाटायचं, ऊन दाखवतात. मनात म्हणायचो, या लोकांना शिस्त आहे.

"आणि खुर्ची?" सुनेचा आवाज बारीक झाला.

मी पावसाकडे बघत राहिलो.

प्राजक्ता खाली बसली. रडली नाही, पण रडली असती तर बरं झालं असतं. तिने फोन काढला आणि बेटावरच्या लोकांच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. सई मात्र वाचून खिदळत होती.

तासाभरात सतरंजी आली. उशा आल्या, वर एक अननसही आला. लोक फाटकाशी वस्तू ठेवत, हात हलवत आणि माझ्याकडे बघून हसत जात. खुर्ची काही येईना.

मी छत्री घेतली. "मी आणतो."

"तुम्ही काय बोलणार?" बायको उठली. "मी येते."

वळणापलीकडे तिसऱ्याच घराच्या ओट्यावर ती म्हातारी खुर्चीत बसली होती. मांडीवर मांजर. इतकी सुखात, की मला "द्या" म्हणवेना. मी खुर्चीकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. तिला वाटलं, मला बसायचंय. तिने दुसरी खुर्ची ओढली. मी बसलो. तिने चहा आणला. मी तोही प्यालो. काय करणार?

शेवटी बायकोला राहवेना. ती पुढे झाली आणि सरळ मराठीत म्हणाली, "बाई, खुर्ची दुसऱ्याची आहे हो. या माणसाने घोळ घातलाय."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. "ओह, डार्लिंग!" म्हणाली, बायकोचा दंड थोपटला, मांजर खाली ठेवलं आणि खुर्ची देऊन टाकली. नवऱ्याने घोळ घातला, हे बायकांना कुठल्याही भाषेत कळतं, असं दिसतं. निघालो तेव्हा बायको आणि ती म्हातारी मागून हसत होत्या. खुर्ची माझ्या डोक्यावर होती.

सुनेने ती पुसली, नीट जागेवर ठेवली आणि मग कुठे तिने मला चहा विचारला.

गादी अंधार पडताना आली. यूटवाल्याला माझी गाठ सुटली नव्हती! सगळ्या पावसात गादी गाडीवरच. निम्मा समुद्र तिच्यात उतरला होता. त्याने हात जोडून मला गाठ दाखवली. मी एका हाताने सोडली. महेशने बघितलं एवढं खरं. रात्री आम्ही दोघं जमिनीवर झोपलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. गादी वाळवायलाच हवी, आणि ऊन तर त्याच पट्ट्यावर. या वेळी मी स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन गादीशेजारी पहाऱ्याला बसलो. दोन्ही हात मांडीखाली, म्हणजे अंगठा चुकून वर जायला नको. सईने पुठ्ठ्यावर खडूने इंग्रजीत मोठी अक्षरं काढली आणि पुठ्ठा माझ्याच खुर्चीच्या पाठीला बांधला. येणारे जाणारे वाचायचे, मला बघायचे आणि पोट धरून हसायचे.

बायको बाहेर आली. "काय गं लिहिलंयस?"

"आजी, इट सेज, नॉट फ्री."

बायकोने पाटी पाहिली, मला पाहिलं.

"त्यातलं ते 'नॉट' तेवढं खोड गं. बघू या कुणी नेतंय का."

मागे खडूचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. उन्हं उतरेपर्यंत ताठ बसून राहिलो. गादी खडखडीत वाळली. तिघांनी थांबून तिची चौकशी केली.

माझी कुणी केली नाही.