वडनेरचा कट

केळापूरच्या जगदंबेला जायचं ठरलं ते नवऱ्याच्या रस्त्याच्या वेडापायी. दोन हजारचं दशक अर्धं सरलं होतं, नागपूर-हैदराबाद महामार्ग चौपदरी होत होता, आणि याचा एकच धोशा, टोल सुरू व्हायच्या आत एकदा गाडी पळवून घेऊ. देवी आपली निमित्ताला.

सकाळी सातला सिंदी मेघेतून निघालो. हिंगणघाटपर्यंतचे खड्डे तोंडपाठ. तिथे नुसता चहा घ्या, पोट भरू नका, कारण पुढे वडनेरला माझ्या मावशीचं हॉटेल लागतं आणि तिच्या आलूबोंड्यावरची तर्री चुकवू नये. महामार्गाला लागल्यावर गाडीचा आवाजच बदलला. एक बाजू काळीशार, दुसरीवर अजून खडी. नवरा बोलायचा थांबला, म्हणजे खूश होता.

मावशीचं हॉटेल जाताना डाव्या हाताला. दुभाजकाचे दगड तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर येऊन थांबले होते. दुभाजकात गाड्या वळायला जी फट ठेवतात तिला आमच्याकडे कट म्हणतात. समोर कट नसेल, तर पांढरकवड्याकडून येणारे कापसाचे ट्रक पलीकडूनच निघून जाणार. तिचं अर्धं गिऱ्हाईक तेच. मावशी मात्र निर्धास्त. मागे पत्र्याचा नवा मांडवही घातलेला.

"साहेबाले म्या सांगतलं ना," ती म्हणाली. साहेब म्हणजे रस्त्याचा इंजिनिअर, दूर दक्षिणेकडचा. "चहा घेऊन गेलती. म्हनलं, साहेब, एक कट देना. तं ते म्हने, कट क्यों मौसी, फुल चलेगा. म्हंजे टरक बी वळंन एवढा मोठा!"

मला हसू फुटलं. अर्ध्या चहालाही आपल्याकडे कटच म्हणतात. आपल्या हिंदीत 'देना' म्हणजे 'द्या'. त्या भल्या माणसाने ऐकलं असणार, 'देऊ का?' त्याने फुल चहा मागितला होता. मी तोंड उघडणार तोच नवऱ्याने डोळ्यांनीच दटावलं. मावशी जावयाच्या ताटात तिसरा बोंडा वाढत होती. मी गप्प बसले.

पांढरकवड्याला मुक्काम केला. लॉज साधा, पण चादरी स्वच्छ. केळापूरला सकाळी लवकर जा, गर्दी नसते. हात जोडले तेव्हाही मनात मावशीचा मांडवच होता.

तिसऱ्या दिवशी परतलो तर दुभाजक मावशीचं दार ओलांडून पुढे गेलेला. गाडी पलीकडे लावून, गुडघाभर दगड चढून गेलो. इंजिनिअर बाकावर बसला होता, हातात फुल चहा. मावशीला तो खरोखर कळवळून सांगत होता, "मौसी, मैं तो चाय समझा. परसों भी कोई बता देता, तो मैं ऊपर पूछ लेता. अब कट आगे, गाँव के पास मिलेगा."

मावशी माझ्याकडे वळली.

"तू हासली होती त्या दिवशी. तुले समजलं होतं?"

"हो."

"मंग काऊन नाई बोलली?"

"तू एवढी खुशीत होतीस, मावशी."

"माही खुशी पाह्यत बसली तू," ती म्हणाली आणि कढईकडे गेली.

वाटेत नवऱ्याला दोष द्यायचा मोह झाला, पण तोंड माझं होतं.

आता टोल लागतो. पावती जपून ठेवा, पुढे कुणी विचारलंच तर हाताशी असावी. रस्ता खरंच सुरेख आहे. हैदराबादकडे जाताना मावशीकडे सहज थांबता येतं. येताना पुढच्या कटावरून वळून मागे यावं लागतं, आणि ट्रकवाले तेवढं करत नाहीत. मागचा मांडव तिने काढून टाकला. माझ्यावर तिचा राग नाही, बोंडाही प्रेमाने वाढते. पण मी काहीही सांगितलं, अगदी तर्री छान झाली म्हटलं, तरी क्षणभर थांबते आणि विचारते, "खरं सांगून राह्यली ना?"